काचेपासून हातभर

प्रिय लंबू,

कॅन्टीनच्या कोठीत बसून, तुझ्यापासून चार पावलांवरून हे पत्र लिहितोय. हसशील. पण तोंडाने सांगायला लागलो की तू मध्येच बोलतोस आणि मी गप्प होतो. शाळेपासूनचंच आहे हे.

काल मावशीला तू घरी बसवलंस. “तीस वर्षं शेगडीपुढे काढली आणि एवढं कळत नाही?” असं सगळ्यांसमोर म्हणालास. फोड आलेला तळवा ओल्या फडक्यात गुंडाळून ती निघून गेली. आज तिच्या जागी दुसरी बाई ठेवणार आहेस म्हणे. त्याआधी हे वाच.

इंडक्शन शेगड्या आल्या तेव्हा, मी मुख्य आचारी म्हणून, शिकवायचं काम तू माझ्यावर टाकलंस. मी माहितीपुस्तक वरवर चाळून मास्तरासारखा उभा राहिलो. लोहचुंबक चिकटेल तेच भांडं चालेल, बूड सपाट हवं, भांडं वर्तुळाच्या मधोमध ठेवा, काचेखालचं तारेचं वेटोळं थेट भांड्यालाच तापवतं, असं सगळं सांगितलं. मावशीने विचारलं, “आणि काच रे?” मी म्हणालो, “काच गारच, मावशी. जाळच नाही तर भाजणार काय?” काल तिने उकळतं पातेलं उतरवलं आणि उतू गेलेलं दूध पुसायला काचेवर हात टेकला. भांड्याची धग काचेत उतरते आणि शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ राहते, हे मला ठाऊकच नव्हतं. कारण दोन महिन्यांत मी त्या काचेला एकदाही शिवलो नाही.

तुझ्या ते लक्षात आलं होतं. “नव्या नवरीसारखा लांब काय उभा राहतोस?” म्हणत लांब दांड्याचा झारा आणून दिलास. मी हसून घेतला. मनात देवाला म्हटलं, आजचा दिवस निभावून ने. रोज तेच म्हणत होतो.

शेगड्या यायच्या आधी गावी जमिनीच्या कामाला गेलो होतो, ते खोटं. इस्पितळात होतो. डाव्या खांद्याखाली हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवलंय. चालू इंडक्शनपासून दोन फूट लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलंय. सांगितलं तर काम जाईल म्हणून लपवलं, आणि हात भाजला मावशीचा. मला भाजी चिरायला बसव, नाहीतर घरी पाठव. पण तिला आजच बोलावून घे, आणि चूक माझी होती हे काल ओरडलास तेवढ्याच मोठ्याने सगळ्यांना सांग.

तुझाच,
एका बाकावरचा