बर्फातला दुष्काळ

जानेवारी, शनिवार. स्टेट कॉलेज गाव, अमेरिका.

बाहेर गुडघाभर बर्फ आणि आपली बोअर कोरडी. उद्या बायकोचं हळदीकुंकू, वीसेक बायका येणार.

मुलगी हायड्रॉलॉजीत पीएचडी करते. म्हणाली, "बाबा, धिस इज ड्राउट. पाणी आहे, पण फ्रोझन. जमिनीत मुरतच नाही. दुष्काळाचेही टाइप असतात, हा थंडीचा."

मी सोलापूरचा. म्हटलं, दुष्काळ मला शिकवू नकोस. ऐटीत बादलीभर बर्फ गॅसवर वितळवला. निघालं तांब्याभर पाणी, तेही मातकट. बायकोने तांब्यात डोकावून पाहिलं आणि बोलावलेल्या बायकांची यादी माझ्यापुढे सरकवली. ते जास्त लागलं.

शेवटी फोन मीच केले. "काकू, उद्याचं कॅन्सल. आमच्याकडे दुष्काळ आहे."

"एवढ्या बर्फात?"

मग मुलीचं सगळं वर्गीकरण त्यांना ऐकवलं. माझंच असल्यासारखं.