प्रॉबर्टांचं गाणं कुणाला द्यायचं

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. दोन बोटांनी टाइप करतेय, आणि आमच्या चर्चच्या धर्मगुरू असलेल्या रेक्टरबाईंच्या कंप्यूटरचं एक बटण अडकतं, त्यामुळे सकाळपासून इथेच आहे.

मी, हेलेद प्रॉबर्ट, वय अठरा वर्षं नऊ दिवस, राहणार लानगुर्वन, वेल्स, डोकं जागेवर असताना, कुणी दटावलेलं नसताना हे लिहून ठेवते. शाळा सोळाव्या वर्षी सोडली, कारण तिथे उभं राहून मोठ्याने वाचायला लावायचे. येत्या बुधवारी माझ्या गळ्यातली गाठ काढणार. डॉक्टर म्हणाले, "जिवाला काही नाही, आवाजाचं मात्र सांगता येत नाही." म्हणून खालचं सगळं मी गेले किंवा माझा आवाज गेला, यातलं जे आधी होईल तेव्हापासून लागू.

एक. लोकर कातरायची मशीन भावाला, इफानला. हे मात्र मी गेल्यावरच. नुसता आवाज गेला तर त्याने मशीनला हात लावायचा नाही.

दोन. चर्चची किल्ली मेनना रेक्टरबाईंना परत. कुलूप उलटं फिरतं. प्रार्थनेत भांडणाऱ्या कुत्र्यांना मानेला धरून बाहेर ओढायचा लाकडी चिमटा माझा नाही, तीनशे वर्षं चर्चचाच आहे, तेव्हा इफानने त्या चिमट्याने शेकोटीतले बटाटे काढू नयेत.

तीन. चर्चच्या इतिहासाचा कागद. पाहुणे आले की मला तोंडच उघडवत नाही, म्हणून मी सगळं लिहून दारात लावलंय. आवारातली यू नावाची सदाहरित झाडं चर्चपेक्षा जुनी. भिंतीला चुना इतक्यांदा फासला की खालचा रंगवलेला सैतान सापडला तेव्हा त्याला एकच शिंग उरलं होतं. घंटा वितळवायला न्यायला माणसं आली तेव्हा गावाने ती शेणखताच्या ढिगात लपवली. त्यात १९८२ च्या नाताळची एक ओळ होती, ती आजोबांनी मला खोडायला लावली. मार्चमध्ये आजोबा गेले. ती ओळ परत घालावी.

नाताळच्या पहाटे आपल्याकडे चर्चमध्ये एकेक घर आपलं गाणं घेऊन पुढे जातं. कुणी नाव पुकारत नाही, आणि एकदा झालेलं गाणं त्या पहाटे पुन्हा गायचं नाही. त्या वर्षी बर्फ पडला. गावातल्या प्यूंच्या घराला वाटलं, प्रॉबर्ट काही डोंगर उतरून येत नाहीत, त्यांचं गाणं राहून जायला नको, आपणच गाऊ. शेवटच्या कडव्याला आजोबा दारात, गुडघाभर बर्फ तुडवून आलेले. आता गाणार काय? टोपी घातली आणि तसेच घरी. मग जन्मभर एकच, "प्यूंनी चोरलं." चोरलं नव्हतं. तेव्हाच्या रेक्टरांनी चर्चच्या वहीत सगळं लिहून ठेवलंय, मी वाचलंय.

चार. आमचं गाणं. चाल कुठेच लिहिलेली नाही. आई आणि इफान गाण्यात दगड. आता ती मला येते, आणि त्या पहाटे दहा वर्षांचे असलेले ग्विलिम प्यूकाका, त्यांना. एकेचाळीस वर्षांत त्यांनी ती गुणगुणलीसुद्धा नाही. ते गाणं, गायच्या हक्कासकट, त्यांना. मी खांबाकडे तोंड करून गाते. त्यांनी लोकांकडे करावं.

साक्षीदार पहिले: इथे ग्विलिम प्यू हे नाव होतं, ते खोडलंय. का ते लिहिते.

काका चर्चची पन्हळ साफ करायला आले होते. रेक्टरबाईंनी त्यांना शिडीवरून खाली बोलावलं. "सही करतो, पण प्रॉबर्टांकडून मला काही नको," असं म्हणून त्यांनी चष्मा लावला. चौथं कलम दोनदा वाचलं.

"एक सांगते ग्विलिम," रेक्टरबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. कायदाच आहे."

काकांनी पेन खाली ठेवलं. "मग पोस्टमनला बोलवा."

जरा वेळाने, खिडकीकडे बघत, "पोरी, तिसरं कडवं वर उचलायचं की खाली?"

"वर."

"मोठ्याने बोल की! अजून गाठ काढायची आहे ना?"

मग मी गाऊनच दाखवलं. इथे खांब नाही, म्हणून कपाटाकडे तोंड करून. दुसऱ्या ओळीला मागून काकांचा आवाज आला.

सही: हेलेद प्रॉबर्ट
साक्षीदार: मेनना रीस, रेक्टर
साक्षीदार: ट्यूडर जार्मन, पोस्टमन
लानगुर्वन, सोमवार, १३ नोव्हेंबर २०२३

ट्यूडर आत्ताच ओरडत परत आलाय. टपालाच्या गाडीत मेंढा शिरलाय आणि दार आतून लागलंय.