बिनधुराचा सूड

१४ फेब्रुवारी २०२२, चिखली
आजपासून डायरी लिहिणार. कारण एकच. साडूचा सूड घ्यायचा आहे आणि मधेच राग उतरायला नको.

काल वडनेर भोलजीला साडूच्या पोरीचं, काजलचं लग्न होतं. मी आपली डिझेल जीप मांडवाला लागून उभी केली. साडू म्हणजे निवृत्ती, माझ्या बायकोच्या, कोकिळेच्या मोठ्या बहिणीचा नवरा. हातात माइक. सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "साडूभाऊ, ते धुराडं उकिरड्यामांगं लावा. वरनात धूर येऊन राह्यला."

मांडव हसला. व्याही हसले. कोकिळाही हसली. ती म्हणते, ठसका लागला होता.

पंगतीत बसलो नाही. निघताना साडूच्या बायकोने, पुष्पाताईने डबा दिला, तो वाटेत खाल्ला. पण रागाने.

ठराव: त्या घरचं पाणीही प्यायचं नाही. कोकिळेनेसुद्धा जायचं नाही.

१७ फेब्रुवारी
कोकिळा म्हणाली, होळीच्या आधी ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मले जावं लागन. मी म्हटलं, सूड झाल्याशिवाय नाही. तिने विचारलं, किती दिवस लागतील. म्हटलं, सूड आहे, लोणचं नाही.

२१ फेब्रुवारी, पहाटे
आयडिया आली. इलेक्ट्रिक कार. धूर नाही, आवाज नाही. थेट साडूच्या दारात न्यायची. खाली उतरायचं नाही. काच खाली करून विचारायचं, "साडूभाऊ, धूर दिसते काय?" आणि गाडी वळवून परत.

प्रॅक्टिससाठी कोकिळेला साडूच्या जागी उभं केलं. ती म्हणाली, नाही दिसत, आता भाकरी टाकू द्या. मजा आली नाही. साडू इतक्या लवकर हार मानणार नाही.

२८ फेब्रुवारी
जीप विकली. सईदभाईकडून जुनी इलेक्ट्रिक कार घेतली. दोन दारांची, लिंबू कलर. सईदभाई जुन्या गाड्या विकतो आणि खरं बोलतो, त्यामुळे त्याचा धंदा वाढत नाही. म्हणाला, बॅटरी थकलेली आहे, गावातल्या गावात चालवा. मी वडनेरचं नाव काढलं तर कपाळाला हात लावला. त्याला भूगोल येत नाही. चिखलीहून खामगावकडे उतार आहे. उताराला बॅटरी लागते कशाला?

३ मार्च
ट्रायल. उंद्रीपर्यंत झकास गेली. येताना चढाला दमली. रस्त्यावरच्या गिरणीत प्लगला लावून दुपारभर बसलो. दळायला आलेल्या जनकाबाईने गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, याच्यात दळन कुठून टाकतेत. लोकांना अजून टेक्नॉलॉजी समजत नाही.

८ मार्च
ऑपरेशन दहा तारखेला. पुष्पाताई फोनवर रडली म्हणे. मीही माणूस आहे. म्हटलं, उद्या सुडाला जातोच आहे, तूही चल. पण गाडीतून उतरायचं नाही, काचेतून बहिणीला बघायचं. कोकिळा लगेच पिशवी भरायला बसली. काचेतून बघायला इतके लुगडे काऊन लागतात, समजलं नाही.

९ मार्च, दुपार, खामगावजवळचा ढाबा
उतार खरंच आहे. मी बरोबर, सईदभाई चूक. तरी खबरदारी म्हणून ढाब्यावर चार्जिंग. प्लग एकच, तो कूलरचा. गिऱ्हाइकं घामाघूम होऊन माझ्याकडे बघत आहेत. नव्या गोष्टीला विरोध होतोच.

त्याच दिवशी, संध्याकाळ
नांदुऱ्याच्या पुढे गाडी थांबली. वडनेर समोर दिसत होतं. कोकिळेने फोन काढला. मी नको म्हटलं. तिने लावला.

साडू स्वतः ट्रॅक्टर घेऊन आला. मागे दोर बांधला आणि गावभर आम्हाला ओढत नेलं. माझी काच अर्ध्यावर अडकलेली. ट्रॅक्टरचा काळा धूर सगळा आत. दारात पोचल्यावर मी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं. "साडूभाऊ, धूर..." आणि जो खोकला आला, तो थांबेना. साडूने पाणी आणलं. प्यालो. औषध म्हणून.

खोकला थांबल्यावर लग्नातलं बोलणं काढलंच. तो विचारात पडला. "असं म्हनलो का मी? याद नाही, भाऊ. मनाले लागलं असन तं माफी करा." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून जेवायला बसवलं. इतक्या सहज माफी मागणारा माणूस मी पाहिला नाही. समोरच्याने काय करावं?

१० मार्च
ऑपरेशन चांगलं झालं. कोकिळा महिनाभर राहणार म्हणते. मी आठवण करून दिली, उतरायचं नाही असं ठरलं होतं. ती दवाखान्यात बहिणीच्या पायाखाली उशी सरकवत होती. वर न बघता म्हणाली, "तुमचा सूड तुमच्यापाशी ठेवा. मी ताईपाशी राह्यतो."

या घरात सगळे एक झाले. पण मी कच्चा नाही. गाडी साडूच्या गोठ्यात प्लगला लावली आणि मुद्दाम तिथेच सोडली. रात्रंदिवस वीज खाईल. बिल आलं की साडूला कळेल मी कोण आहे. एसटीने चिखलीला आलो. सीट मिळाली नाही, तरी प्रसन्न.

३ एप्रिल
कोकिळेचा फोन. पुष्पाताई चालायला लागली. मी सहज विचारलं, साडूभाऊंना वीजबिल आलं का? ती म्हणाली, इथं बिल येतच नाही, गच्चीवर सोलर आहे. भाऊजी रोज ताईला त्याच गाडीत नांदुऱ्याला व्यायामाला नेतात. गाडी ठेवून गेले, आमच्या साडूचं, सहदेवभाऊंचं मन मोठं, असं गावात सांगत फिरतात.

मी विचारलं, परत कधी येशील.

म्हणाली, गाडी चार्ज झाली की.