सत्तावीस नंबरचा दात

९ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आमच्या हिरडीच्या चाचणीला माणसं मिळत नाहीत म्हणून मागे तुझ्यापाशी रडले होते ना? मिळाली! चार दवाखान्यांतून तीसच्या तीस. आमची जाळी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. हिरडी उघडून दाताच्या मुळाशी ठेवायची. तिच्या आधाराने झिजलेलं हाड आणि हिरडी पुन्हा भरून येते, जाळी मागाहून विरघळते. निम्म्यांना जाळी, निम्म्यांची नुसती सफाई. कुणाला काय, हे मला कळू देत नाहीत. माझ्याकडे नुसता नंबर, बाई की पुरुष एवढं, आणि मापं.

पण आई, सत्तावीस नंबर! वाचून मी खुर्चीतून उठलेच. समोरच्या दाताची हिरडी नऊ मिलिमीटर सुटलेली. तीनच्या पुढे गेली की आम्हाला काळजी वाटते. दात हलतोय आणि बाई वर्षानुवर्षं गप्प! अशांना जाळी बसवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. घरात कुणी विचारणारं नाही का तिला?

तुझे दात ठीक ना? लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी,
खारूताई

१७ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आलं. मशीन थांबवून दोनदा वाचलं. शिकलीस ते ठीक, पण त्या बाईवर एवढं तोंडसुख घेऊ नकोस. दुखत नसेल. रक्त यायचं ते चूळ भरली की थांबत असेल. कामाच्या रगाड्यात आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलं असेल. घरच्यांनी विचारलं तरी ठीक आहे म्हणायची काहींना खोडच असते.

माझे दात ठीक आहेत. शाळेचे चाळीस गणवेश शिवायला आलेत, मान वर करायला फुरसत नाही. उत्तर सावकाश लिही, पण जेवून लिही.

तुझी,
आई

२४ जुलै

ती. आईस,

आज नमस्कारसुद्धा धड लिहवत नाही. सहा महिन्यांनंतरचे फोटो आले. सत्तावीस नंबरचा उघडला. समोरच्या दाताला ती खाच! दोरा तोडून तोडून पडलेली. लहानपणी तुझ्या मांडीवर बसून मी तिच्यात नख अडकवायचे. ती मी ओळखणार नाही?

तुझं जानेवारीचं पत्र शोधून काढलं. रक्ताचं मी तुला लिहिलंच नव्हतं! आणि मी तुला काय काय बोलले गं. पालथा घडा म्हटलं. घरात विचारणारं कुणी नाही का, हे तुलाच विचारलं. शरमेने मेले मी.

सरांना लगेच सांगितलं. नातेवाईक चालत नाहीत, नियमच आहे. त्यांनी तुझा नंबर खोडला आणि कुणाला काय बसवलं ते लिहून बंद केलेल्या पाकिटांतलं तुझं पाकीट माझ्यासमोर फोडलं. तुला जाळी बसली होती. नऊचे चार झालेत, आई! आजवर तपासलेल्यांत इतकं कुणाचंच भरलेलं नाही, आणि नेमकं तेच आता निकालात धरता येणार नाही. फॉर्मवर खोटं का लिहिलंस? मला का नाही सांगितलंस?

रागावलेली, पण तुझीच,
खारूताई

३१ जुलै

चि. खारूताईस,
आशीर्वाद, आणि आधी डोळे पूस.

नात्यातलं कुणी या चाचणीत काम करतं का, असं फॉर्मवर होतं. मी नाहीवर खूण केली. चुकलंच माझं, तुझ्या सरांची माफी मागते. तुला माणसं मिळत नव्हती आणि माझा दात हलत होता. म्हटलं, एक माणूस तर मी आहेच. तुला सांगितलं असतं तर तू घेतलंच नसतंस.

दवाखान्यात आकडे सांगितले होते, पण ते डोक्यात शिरले नव्हते. आपला दात इतका गेलाय, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. त्या दिवसापासून कात्री गळ्यात बांधून घेतली आहे, दोऱ्याला दात लावलेला नाही. पालथा घडा म्हणालीस ते बरंच झालं.

नंबर खोडला तर खोडू देत. काल समोरच्या दातांनी सफरचंद चावलं. दात हलला नाही. एकटीच रडत बसले, वेड्यासारखी.

पुढच्या पत्रात दात कसे आहेत ते विचार. या वेळी खरं सांगेन.

तुझी,
आई