चौथी थाप

प्लिमथ,
गुरुवार, ५ जून, दुपारचे तीन

प्रिय आजोबा,

पाकीट फोडायच्या आधी तुम्ही ते उलटसुलट करून बघितलं असणार. पत्ता सरळ ओळीत आहे, पोस्टकोड वेगळ्या ओळीवर मोठ्या अक्षरांत आहे, तिकीट पहिल्या वर्गाचं आहे आणि वाकडं लावलेलं नाही. एवढं तरी तुमच्याकडून शिकलो. आतलं अक्षर मात्र तसंच आहे, कोंबडीचे पाय. फोन केला नाही, कारण तुम्ही उचलला नसतात, आणि उचलला असतात तर मीच गप्प बसलो असतो. अडीच वर्षांनी एकदम काय बोलायचं माणसाने? पण आज दुपारी जे झालं ते पोटात राहीना. हॉलच्या मागे ट्रकपाशी एका पेटीवर बसून लिहितोय. कोपऱ्यावरची टपालपेटी साडेपाचला उघडतात, त्याच्या आत हे तिच्यात पडलं पाहिजे. तेव्हा चुका काढत बसू नका, सरळ वाचत चला.

मी दीड वर्षापासून 'सेकंड पोस्ट'बरोबर आहे. हो, तोच आपल्या हेसल रोडचा बँड. ड्रम उतरवायचे, लावायचे, परत गाडीत भरायचे, हे माझं काम. ड्रम वाजवणारा क्लाइव्ह पिकरिंग अडुसष्ट वर्षांचा आहे आणि दर गावी विचारतो, 'कर्टिस, इथे पॅटी आणि चिप्स मिळतात का रे, वर आपला लाल मसाला टाकून?' आपलं हल शहर सोडून कुठे मिळणार ते? नाही म्हटलं की तो दिवसभर रुसतो. गाणारी गेल स्टॅदर्स सदुसष्ट वर्षांची. स्टेजवर गेली की तिशीची वाटते, आणि खाली उतरली की म्हणते, 'राजा, माझे गुडघे कुठे ठेवलेस?' हा त्यांचा शेवटचा दौरा आहे. शेहेचाळीस वर्षं झाली आणि आता पुरे, असं दोघांनी ठरवलंय.

घरी रेडिओवर त्यांचं ते दाराचं गाणं लागलं की काय व्हायचं, आठवतंय ना? आजी ओट्यापाशी थांबायची, गाण्यातली ती रिकामी जागा आली की टेबलावर टकटक करायची आणि खो खो हसायची. आणि तुम्ही उठून रेडिओ बारीक करायचात. मी विचारलं की आजी म्हणायची, 'तुझ्या आजोबांना विचार.' आणि तुम्ही म्हणायचात, 'चहा पी, निवतोय.' मला वाटायचं तुम्हाला ते गाणं आवडत नाही. त्याच्यावर येतोच, पण आधी त्यांची गोष्ट सांगू द्या, कारण ती मला दीड वर्ष गाडीत रोज ऐकायला मिळाली आहे आणि अजून कंटाळा आलेला नाही.

एकोणऐंशी साली ही मंडळी वॉटन टेरेसच्या चाळीत सात नंबरच्या घरात राहायची. सकाळच्या टपालाला उठलेली नसायची, दुपारच्या टपालाला डोळे चोळत दार उघडायची, म्हणून बँडचं नाव 'सेकंड पोस्ट'. एका शुक्रवारी त्यांनी पुढच्या खोलीच्या खिडक्यांना गाद्या लावल्या, कुणाचं तरी टेपचं यंत्र मागून आणलं आणि गाणं भरायला बसले. दारावर कागद चिकटवला, 'रेकॉर्डिंग चालू आहे, कृपया ठोकू नका.' पाच वेळा गाणं बिघडलं. सहाव्या वेळी जमत आलं. टेप तेवढीच उरली होती. आणि गाण्याच्या मधोमध जिथे सगळे क्षणभर थांबतात, नेमकी तिथे दारावर थाप पडली. तीन थापा, मग जरा वेळ काहीच नाही, मग एक चौथी. गेल भडकून ओरडली, 'अरे उघडंच आहे, ये की आत!' आणि क्लाइव्हने गाणं सोडलं नाही, त्याने पुढची ओळ उचलली. टेप संपली. दुसरी आणायची सोय नव्हती, म्हणून होतं तसंच लंडनला पाठवून दिलं. लंडनच्या माणसाने ऐकलं आणि म्हणाला, यातल्या दाराला हात लावायचा नाही.

मग काय, सहा महिन्यांत हे टीव्हीवर. क्लाइव्हचे केस तेव्हा साळिंदरासारखे उभे असायचे, गेलने आपल्या आईच्या पडद्याचा कोट शिवला होता. पुढे दोन बोटांनी वाजवायचं कीबोर्ड आलं आणि खांद्यांत गाद्या भरलेले कोट आले. अमेरिका झाली, जपान झालं. ती चाळ पाडायला घेतली तेव्हा क्लाइव्ह पेचकस घेऊन गेला आणि सात नंबरचं दार बिजागऱ्यांसकट काढून आणलं. हिरवा रंग, पितळी सात, पत्र टाकायची फट, सगळं जागच्या जागी. तेव्हापासून ते दार चौकटीत बसवून स्टेजवर उभं करतात. गाणं थांबतं, मागून कुणीतरी ठोकतो, आणि सगळा हॉल एका आवाजात ओरडतो, 'उघडंच आहे!' मग गेल दार उघडते. टोकियोतले लोकसुद्धा आपल्या हलच्या हेलात ओरडतात म्हणे.

पंच्याऐंशी साली गेल आणि क्लाइव्हचं भांडण झालं. कशावरून ते दोघं वेगवेगळं सांगतात. अकरा वर्षं तोंड बघितलं नाही एकमेकांचं. ती शाळेत मुलांना गाणं शिकवत होती, हा टॅक्सी चालवत होता, आणि दार याच्या मळ्यातल्या खोपटाला लावलेलं होतं, आत लीकच्या भाजीच्या जुड्या. एक दिवस त्या दारावर टकटक झाली. हा आतून ओरडला, 'उघडंच आहे.' कोण आहे ते बघितलंच नाही, सवयीने तोंडातून गेलं. बाहेर गेल उभी. म्हणाली, 'दार न्यायला आले होते. तू पण चल.' एवढंच. पुढची सहा-सात वर्षं समुद्रकाठच्या सुट्टीच्या छावण्यांत बिंगो संपल्यावर वाजवलं, चाळीस-चाळीस माणसांपुढे. मग त्या माणसांची मुलं यायला लागली, आणि आता नातवंडं येतात. परवा पुढच्या रांगेत एक पोरगी होती, तिने गालावर सात काढला होता.

इतकी वर्षं एक गोष्ट मात्र कुणाला कळली नव्हती, की ठोकलं कुणी. गाणं संपल्यावर गेलने दार उघडलं तेव्हा टोपी घातलेला एक टपालवाला होता, सहीचं पत्र होतं. तिने रागारागात सही केली आणि दार आपटलं, तोंड नीट बघितलंच नाही. रजिस्टर पत्र कसलं होतं ते ती हसत सांगते. नगरपालिकेची शेवटची ताकीद, की शेजाऱ्यांना त्रास होतो, हा गोंगाट ताबडतोब बंद करा. आजोबा, म्हणजे गाणं बंद करा सांगायला आलेला माणूसच गाण्यात अडकून बसला. हे तिने मुलाखतीत सांगितल्यापासून तो माणूस मीच म्हणणारे किती आले. दोन टपालवाले ग्रिम्सबीचे, आणि गूलचा एक दूधवाला, तो तर म्हणे त्या दिवशी मित्राच्या बदली टपाल वाटत होता. गेल कुणाशी वाद घालत नाही. दार उभं करते आणि म्हणते, 'ठोका.' सगळे चार वेळा ठोकतात आणि सगळे चुकतात. कुणी चौथी लवकर मारतो, कुणी फार जोरात. दूधवाला ठोकून झाल्यावर क्लाइव्ह म्हणाला होता, 'यानेही थापच मारली, पण दारावर नाही.'

आमच्या दौऱ्यात दाराचं काम मर्व्हिनकडे आहे. तो आमचा मुकादम, वीस वर्षं तोच ठोकतो, आणि वीस वर्षं गेल रोज म्हणते, 'जवळ आलास, मर्व्हिन, पण ते नाही.' काल पेट्या उतरवताना त्याचा खांदा निखळला. आज बारा वाजता आवाज तपासायला सगळे उभे राहिले तेव्हा तो गळ्यात हात अडकवून खुर्चीत बसला होता. मला म्हणाला, 'जा रे, तू ठोक. दार आहे, चावत नाही.' मी मागे गेलो. गाणं थांबलं. मी काही विचार केला नाही. दार म्हटल्यावर हात जसा पडतो तसा पडला. तीन, मग थांबलो, मग एक.

कुणी ओरडलं नाही. क्लाइव्हने पुढची ओळ उचलली नाही. मला वाटलं, गेली नोकरी. मग गेलचा आवाज आला, 'परत.' मी परत ठोकलं. 'अजून एकदा.' तिसऱ्यांदा ठोकलं तेव्हा ती दार उघडून मागे आली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मी खिशातला हात काढून सरळ उभा राहिलो. 'हे तुला कुणी शिकवलं?' म्हटलं, आमच्या आजोबांनी, त्यांची सवयच आहे, रोज सकाळी माझ्या खोलीचं दार असंच ठोकायचे. 'काय करायचे आजोबा?' टपाल वाटायचे. 'कुठे?' हेसल रोडच्या बाजूला. 'कधीपासून?' म्हटलं, पंच्याहत्तर-शहात्तरपासून, गुडघे जाईपर्यंत. गेल तिथेच स्टेजवर फतकल मारून बसली. क्लाइव्ह ड्रममागून उठून आला, आणि आजोबा, तो माणूस रडत होता. मला म्हणतो, 'दीड वर्ष गाडीत माझ्या शेजारी बसून माझेच चिप्स खातोस आणि आत्ता सांगतोस?' मी म्हटलं, मला तरी कुठे माहीत होतं.

पण तुम्हाला माहीत होतं. आजीलाही. ती टेबलावर ठोकायची ती कशाला, ते आज कळलं. कुणाच्या दारात काय दिलं ते टपालवाल्याने सांगायचं नसतं, हे तुम्ही मला इतक्या वेळा ऐकवलंय. शेहेचाळीस वर्षं सगळं जग विचारतंय आणि तुम्ही रेडिओ बारीक करून चहा पिताय, कारण ते पत्र दुसऱ्याचं होतं. आता तिनेच ते गावभर सांगितलंय, तेव्हा तुम्ही मोकळे आहात. गेल लगेच पेपरवाल्यांना फोन करायला निघाली होती. मी म्हटलं, नाही, आधी त्यांना विचारू दे. तेव्हा तिने निरोप दिलाय, तो तिच्याच शब्दांत लिहितो. 'त्यांना सांग, दार आपटल्याबद्दल माफी मागायची राहिली आहे. शेवटचा शो आपल्या हल शहरातच आहे, शनिवारी चौदा तारखेला, सिटी हॉलमध्ये. त्या दिवशी ती थाप त्यांच्या हाताची असेल. ते आले नाहीत तर दुसऱ्या कुणाला ठोकू देणार नाही. जागा रिकामी जाऊ दे.' मर्व्हिनने विचारलं, रिकामी गेली तर लोक काय ओरडणार? ती म्हणाली, 'काही नाही ओरडणार. कुणी आलंच नाही तर उघडंच आहे असं सांगायचं कुणाला?'

हे सगळं सांगायला पत्र लिहिलं असं तुम्हाला वाटेल. मलाही सुरुवातीला तसंच वाटत होतं. पण सव्वापाच होत आलेत आणि आता खरं ते लिहितो. तुम्ही शब्द टाकून मला टपालाचं काम मिळवून दिलंत आणि मी एकोणीस दिवसांत गाडा तुमच्याच दारात सोडून वर जाऊन झोपलो, अर्धं टपाल न वाटता. तुम्ही तो गाडा गुडघे दुखत असताना ढकलत परत नेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर तीन थापा पडल्या. मी जागा होतो. बॅग भरलेली होती. कामाला लागताना तुम्हीच शिकवलं होतंत, तीन मारायच्या, मग कान द्यायचा, आत पावलं वाजली तर चौथी मारायची नाही. त्या दिवशी तुम्ही किती वेळ कान दिलात. मी पाऊल वाजू दिलं नाही. मग चौथी पडली, अगदी हळू, आणि मी उघडलं नाही. तुम्ही जिना उतरून पेपर आणायला गेलात आणि मी मागच्या बोळातून निघालो. ती चौथी थाप अडीच वर्षं रोज कानात आहे. बहुतेक म्हणूनच आज हातातून बरोबर आली. त्या शनिवारी चार वाजता हॉलच्या बाजूच्या दाराशी या, मर्व्हिन उभा असेल, खांदा बांधलेला, लगेच ओळखाल. नाव सांगायची गरज नाही. यायचंच नसेल तर नका येऊ, पण उत्तर लिहू नका, आम्ही रोज गाव बदलतो, पोचणार नाही. गेलशी बोलून ठेवलंय, त्या दिवशी दार ती उघडणार नाही. दाराच्या मुठीवर हात ठेवून पलीकडे मी उभा असेन. चौथी जरूर मारा, गाण्याला ती लागते. नाहीतर मी तिसरीलाच उघडलं असतं.

तुमचाच,
कर्टिस