मोठ्या चाकांचे लहान मैल

३१ मार्च १९७३, शनिवार

खाजाभाईने पिकअपला नवे टायर चढवले. नवे म्हणजे त्याला नवे. नगरला मिलिटरीच्या लिलावात मिळाले. मूळ टायरांपेक्षा चांगले चार बोटं उंच आणि तितकेच रुंद. गाडी दारात उभी केली तेव्हा बापाचे जोडे घालून शाळेत निघालेल्या पोरासारखी दिसली. तसं बोललोही. खाजाभाई म्हणाला, "शास्त्रीबुवा, हसा. वाळूत गेल्यावर बोलू."

सौ. ओट्यावरूनच म्हणाली, "शनिवारी लोखंड-तेल विकत घेतं का कुणी?"

"वहिनी, हे रबर आहे."

"आत लोखंड असतंच की."

शनीचं शिंगणापूर इथून काही फार लांब नाही, त्यामुळे या मुद्द्यावर सौ.शी वाद घालण्यात मी पडत नाही. बातमीदाराने कुठे गप्प बसावं हेही शिकावं लागतं.

२ एप्रिल

टायरांचं कारण उंबरमाळ. ओढ्यापलीकडची वस्ती, पंचवीसेक घरं. विहीर कोरडी. बायाबापड्या दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडतात आणि उतरत्या उन्हात ओढ्याअलीकडच्या विहिरीवरून हंडे आणतात. यंदा पेरूच्या बागाच जळाल्या, त्यामुळे खाजाभाईची पिकअप निम्मे दिवस मोकळी असते. तो आठवड्यातून दोनदा पाण्याची चार पिंपं तिकडे नेतो. फुकट. विचारलं तर म्हणतो, "गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते." बॅटरीची एवढी काळजी घेणारा माणूस मी पाहिला नाही.

पण ओढ्यात ढोपरभर वाळू. दर खेपेला गाडी रुतते आणि पाणी आणणाऱ्याला वस्तीनेच येऊन काढावं लागतं. म्हणून हे मोठे टायर.

श्रीरामपूरच्या अल्लाबक्ष मिस्त्रीने चाकं बसवताना बजावलं होतं म्हणे, "चाक मोठं केलंस तर क्राऊन-पिनियनपण बदल. न्हाईतर गाडी ओढायची न्हाई." क्राऊन-पिनियन म्हणजे मागच्या आसातली दातेरी जोडी, इंजिनाचं बळ चाकाला देणारी. ती नगरला मिळाली नाही. खाजाभाईने नेहमीप्रमाणे ठरवलं: भागेल.

वळण घेताना टायर मडगार्डला घासतो. मडगार्ड हातोडीने ठोकून वर केलं. आता गाडीने भुवया उंचावल्यासारखं दिसतं.

५ एप्रिल

मीही गेलो उंबरमाळला. वाळू सुटली! गाडी ओढ्यातून अशी गेली की खाजाभाईने मागे वळून ओढ्याकडे पाहिलं. पुढे लगेच काठाचा चढ. तिथे पहिल्या गियरमध्ये इंजिन कण्हायला लागलं, क्लचचा जळका वास आला आणि गाडी मागे सरकू लागली. शेवटी दोन पिंपं उतरवली तेव्हा चढली.

तर मूळ चाकांवर चार पिंपं घेऊन चढ चढायची पण वाळू सुटत नव्हती. आता वाळू सुटते पण चढ दोनच पिंपांनी. न्यायशास्त्राच्या आमच्या गुरुजींना हा पेच फार आवडला असता. वस्तीला आवडला नाही.

कडूबाई म्हणून तिथली म्हातारी आहे, सगळ्यांत पुढे तीच. म्हणाली, "भाऊ, तुमी पेपरात लिवता ना? मग त्या कचेरीवाल्यांना लिवा की, टँकर धाडा म्हनून. ह्यो खाजा किती दिस पुरनार हाय?"

८ एप्रिल

बातमी दिली. शिवाय तहसील कचेरीत अर्ज. यंदाचा नियम असा: पाणी दोन मैलांपेक्षा लांब असेल तरच टँकर. कडूबाईला विचारलं किती लांब, तर म्हणाली, "जाऊन या, मग इचारा." अर्जात हे लिहिता येत नाही. "दोन मैलांहून जास्त" असं लिहिलं.

१२ एप्रिल

खाजाभाई राहुरीहून आला तो फार खुशीत. "शास्त्रीबुवा, टायरांनी रस्ता लहान केला! राहुरी दीड मैल जवळ आली. मीटर बघा तुम्ही."

मी म्हटलं, सरकारला कळव, डांबर वाचेल.

लगेच त्याचाच दुसरा सूर: पेट्रोल मात्र तेवढंच लागतं, म्हणजे मैलाला जास्त पडतं. अल्लाबक्षने कार्ब्युरेटर बिघडवला असावा असा त्याला संशय. उद्या भांडायला जाणार.

१७ एप्रिल

अव्वल कारकून मिसाळ मोजणीला आले. सरकारी जीप नादुरुस्त, म्हणून एस.टी.ने आमच्या कोल्हारपर्यंत. पुढे कसं जायचं? मीच पुढे होऊन खाजाभाईची पिकअप सुचवली. त्रयस्थ वाहन, चालू मीटर, काय हवं आणखी! मिसाळ माणूस वाईट नाही. प्रत्येक गोष्टीवर सही हवी इतकंच.

विहिरीपाशी आकडा लिहून घेतला. ओढा पार, चढ पार (पिंपं नव्हती), वस्तीतल्या पहिल्या घरापाशी पुन्हा आकडा. दोन मैलांना थोडं कमी भरलं.

मिसाळांनी तीनदा वाकून पाहिलं. म्हणाले, "मला वाईट वाटतं. पण यंत्र आहे हे."

कडूबाई रिकामा हंडा घेऊन विहिरीकडे निघाली. आमच्याच गाडीच्या चाकोरीतून.

१८ एप्रिल

खाजाभाई दिवसभर घराबाहेर नाही.

२२ एप्रिल

आज रेशनची लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, आली. सौ.ने डब्यात भरायला घेतली आणि मध्येच थांबली. "नेहमी चोवीस वाट्या भरतात. आज एकवीसच. मेल्याने मापात मारलं." दुकानदाराचा उद्धार सुरू झाला. मग तिनेच हातातली वाटी पाहिली. नेहमीची वाटी शेजारी आक्काबाईंकडे गेली होती, ही मोठी.

"अगं बाई," म्हणाली. "उगाच बोलले त्याला."

मी मात्र तसाच उठलो आणि अनवाणी खाजाभाईकडे गेलो. मीटर मैल मोजत नाही. चाकाचे फेरे मोजतं आणि चाक जुनंच आहे असं धरून चालतं. वामनाचा त्रिविक्रम झाला, पावलं कमी पडली, म्हणून पृथ्वी काही लहान झाली नव्हती. राहुरी जवळ आली नव्हती. पेट्रोल जास्त लागत नव्हतं. आणि उंबरमाळचं पाणी दोन मैलांच्या आत नव्हतं.

खाजाभाईने टायरकडे पाहिलं. "म्हणजे मी अल्लाबक्षला उगाच शिव्या दिल्या?"

"हो."

"आणि त्या बायांचा टँकर माझ्या टायरांनी घालवला."

"गाडी मी सुचवली होती."

"गाडी माझी होती, शास्त्रीबुवा."

बिबीजानने, म्हणजे त्याच्या बायकोने, चहा आणून ठेवला तो तसाच निवला.

२५ एप्रिल

कचेरीत मिसाळांना वाटीपासून वामनापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "शास्त्रीबुवा, मला पटलं. पण वाटीवर शेरा मारता येत नाही. मूळ चाकं लावून आणा, पुन्हा मोजू." तारीख मिळाली तीही पुढच्या महिन्याची.

३० एप्रिल

उंबरमाळला एक बाई भरल्या हंड्यासकट ओढ्यात पडली. घोटा सुजलाय. हंडा फुटला नाही, पोचा आला. कडूबाई सांगत होती, "पानी सांडलं म्हनून रडत हुती येडी, पायासाठी न्हाई."

७ मे

जुने टायर अल्लाबक्षकडेच होते, नव्यांच्या बसवणावळीत त्याने ठेवून घेतलेले. खाजाभाई मागायला गेला. मीही बरोबर, कारण शिव्या देऊन आलेल्याला एकट्याने जाणं जड.

अल्लाबक्ष पान्यावरचं ग्रीस पुसत म्हणाला, "कारबोरेटर बिगडवणारा मिस्त्री हाय मी. माज्याकडचे टायर चालतील का तुमाला?"

"चालतील," खाजाभाई म्हणाला.

"मीटरचं मलाबी सुचलं न्हाई," अल्लाबक्ष म्हणाला आणि जॅक घेऊन उठला. मोठी चाकं स्वतःकडे ठेवून घेतली. "नेशील सवडीनं."

१० मे, गुरुवार

मोजणी. लिहायलाच हवी.

जुन्या चाकांवर गाडी आपल्या मापाची दिसत होती, फक्त भुवया तशाच. विहिरीपासून निघालो. ओढा आला आणि वाळूने गाडी धरली. खाजाभाईने रेस दिली, चाकं जागच्या जागी गरगर फिरली आणि मीटर पुढे पळू लागलं. गाडी हातभरही सरकली नाही आणि आकडा दोनच्या पुढे गेला.

मला हे मिसाळांना सांगावं लागणार होतं. टँकर हवा होता, पण असा नको होता. म्हटलं, "रावसाहेब, हा आकडा धरू नका."

मिसाळ म्हणाले, "दिसतंय मला." गाडीतून उतरले. घड्याळ पाहिलं नाही, मीटर पाहिलं नाही. पायातल्या चपला वाळूत राहायला लागल्या तेव्हा त्या हातात घेतल्या. वाळू तापलेली, पुढे ते, मागे मी. चढावर दोनदा थांबले. तिसऱ्यांदा खाली बसले. वरून कडूबाई बघत उभी होती.

"जवळच हाय, सायब," ती म्हणाली. "तुमच्या कागदावर."

मिसाळ हसले नाहीत. तिने तांब्याभर पाणी दिलं. त्यांनी घटाघटा निम्मं संपवलं, मग मध्येच थांबून तांब्यात पाहिलं. उरलेलं परत दिलं. कडूबाईने ते रांजणात ओतलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मिसाळांना वाटलं असावं, कारण त्यांनी तिथेच, चपला काखेत धरून, कागदावर लिहिलं: दोन मैलांहून अधिक. खाली सही.

येताना म्हणाले, "शास्त्रीबुवा, ही मोजणी कशाने केली असं वर कुणी विचारलं तर?"

"पदयात्रा म्हणा."

"पायी पाहणी म्हणतो," मिसाळ म्हणाले.

गाडी काढायला वस्तीच आली.

१६ मे

टँकर मंजूर. शनिवारी पहिली फेरी. सौ.ने वार ऐकला आणि नुसता हुंकार दिला. कडूबाईने वस्तीतले सगळे हंडे घासून ठेवायला सांगितलेत, राखेने.

१९ मे, शनिवार

टँकर आला. ओढ्यात रुतला. भरलेला आहे, दहा बैलांनाही हलणार नाही. आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

खाजाभाई श्रीरामपूरला गेलाय, मोठी चाकं आणायला. ओढ्यातून दोन-दोन पिंपं करून टँकर रिकामा करायचा. चढावर बाया मागून ढकलणार आहेत. कडूबाईने पदर खोचूनही ठेवला.

निघताना त्याने सौ.कडे पाहिलं. ती म्हणाली, "लवकर या."