तिसऱ्या बाटलीचे गुण

कोएलेमू, १४ ऑगस्ट

ती. नेलिदाताईस,
सा. न. वि. वि.

आजच्या बसने चार बाटल्या पाठवल्यात. खोकं उचलताना खालून हात घाल, मागच्या वर्षीसारखी बसस्टँडवर वाइन सांडून ठेवू नकोस. बाटल्यांवर नुसते आकडे आहेत. नेहमीसारखे शाळेतले गुण दे, सातपैकी. चारच्या खाली गेली ती आपल्या नावाने विकायची नाही, हा बाबांचा नियम अजून चालू आहे. तीन हजार पेसोंची वाइन घेणाऱ्यालाही जीभ असते, असं ते म्हणायचे ना.

या वेळी गुणांची मला भीती वाटतेय, म्हणून आधीच सांगून ठेवतो. चारातली एक खालच्या उताराची आहे. फेब्रुवारीच्या भर उन्हाळ्यातल्या आगीत वरचं पाइनचं रान गेलं, ती विझवायला धावलेला आमचा गॅस्पार बंबाच्या गाडीसकट गेला, आणि द्राक्षबागेचा तो खालचा उतार तेवढा वाचला. तिथली छाटणी त्यानेच केली होती. त्या वाइनला त्याचं नाव द्यायचं ठरवलंय, लेबलंही छापून आलीत. सुनिल्दाच्या जिवाला तेवढाच आधार. पोरगं गेल्यापासून ती धड बोलत नाही, जेवायला माझ्याबरोबर बसत नाही. मी एका खोलीत, ती दुसऱ्या.

द्राक्षांत धूर उतरलाय की नाही, ते इथे कुणालाच कळत नाही. आमच्या सगळ्यांच्या नाकात अजून आगच बसलीय. त्याची बाटली कुठली ते सांगणार नाही. तू खरं काय ते लिही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
एलादियो

वाल्दिव्हिया, २६ ऑगस्ट

चि. एलादियोस,
अनेक आशीर्वाद. सुनिल्दालाही.

खोकं नीट पोचलं, थेंब सांडला नाही, तेव्हा टोमणे पुरेत. चूल विझवली, भर हिवाळ्यात खिडक्या उघडल्या आणि अंगात कोट चढवून चाखायला बसले. शेजारच्या बाईंना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

पहिली साधी, सरळ, रोज पावाबरोबर घ्यावी अशी. पाच. दुसरी पांढरी, संत्र्याच्या फुलांचा वास आहे, या किमतीत कोण देतंय अशी? सहा. चौथी अजून आंबट लागते, उन्हाळ्यापर्यंत निवळेल. साडेचार.

तिसरी तोंडात घेतली आणि मला बाबांच्या वेळची चव आठवली. पिकलेल्या चेरीची, ओल्या मातीची. सहा लिहायला पेन उचललं. मग गिळली आणि थांबले, तर जिभेच्या मुळाशी राख आली. पाणी प्याले, पाव खाल्ला, दुसऱ्या दिवशी परत घेतली. राख जास्तच होती. बाटलीत राहून ती वाढत जाणार, कमी व्हायची नाही. मला वाटतं, हीच ती.

आधी चार लिहिले होते. खोडले. दोन.

हा आकडा लिहिताना मला रडू आवरलं नाही रे. रागावलास तरी पत्र टाक.

माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई

कोएलेमू, ५ सप्टेंबर

ताईस,
नमस्कार.

दोन. जन्मभर पोरांच्या वह्या लाल केल्यास, ती सवय काही जात नाही. तुमच्या वाल्दिव्हियात घरोघरी लाकडं जळतात, हिवाळाभर तुम्ही धूरच गिळता, आणि राख सापडली ती माझ्या वाइनमध्ये.

हो, तीच ती. सुनिल्दाने निम्म्या बाटल्यांना लेबलं लावूनसुद्धा झालीत. तिला आता काय सांगू, पोरगं नापास झालं म्हणून? तुला पोर नाही, तुला हे कळायचं नाही. नियम बाबांचा होता, पण बाबांना असा उन्हाळा बघावा लागला नाही. मी ती विकणार आहे, गॅस्पारच्या नावानेच.

लोभाचं तुझं तू बघ.

एलादियो

वाल्दिव्हिया, १२ सप्टेंबर

चि. एलादियोस,
आशीर्वाद.

मला पोर नाही, हे खरं. गॅस्पार दर जानेवारीत माझ्याकडे राहायला यायचा, तेव्हा ते माझ्या ध्यानातही नसायचं. एवढंच बोलते, हा विषय परत नको.

गुण बदलणार नाही. तूच बघ. कन्सेप्सिओनमध्ये कुणीतरी रविवारच्या जेवणाला ती बाटली उघडेल. गॅस्पार कोण, त्याला काय ठाऊक? घोट घेईल, तोंड वाकडं करेल आणि बायकोला म्हणेल, हा कोण गॅस्पार आहे तो राख पाजतोय. उरलेली मोरीत ओतेल. आपल्या पोराचं नाव घेऊन कुणी तोंड वाकडं केलेलं मला सोसवणार नाही, आणि तुला तर नाहीच नाही.

माझी पत्रं सुनिल्दाला वाचून दाखव. तिच्यापासून चोरून काही करू नकोस.

कितीही चिडलास तरी तू माझा धाकटाच आहेस, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई

कोएलेमू, २४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात तुला जे लिहिलं, ते लिहायला नको होतं. मला माफ कर.

अठरा तारखेचा स्वातंत्र्याचा सण झाला. गावभर झेंडे, घरोघरी एम्पानादाच्या खिमा भरलेल्या करंज्या, आम्ही मात्र दार लावून होतो. त्या दुपारी सुनिल्दाला तुझी पत्रं वाचून दाखवली. वाटलं होतं, कोसळेल. ती शांतपणे म्हणाली की तिला जूनपासूनच माहीत आहे, पिंपाचं झाकण काढलं तेव्हाच वास आला होता. मग इतके दिवस गप्प का बसलीस, विचारलं. तर म्हणाली, तुम्ही त्या लेबलांत इतके गुंतला होतात, तुमच्या जिवाला तेवढाच आधार होता. मी तिच्यासाठी छापून घेतली, ती माझ्यासाठी चिकटवत बसली. एका घरात राहतो आम्ही, ताई.

मग तिने त्यातली एक बाटली उघडली, दोघांना कासुएलाचा गरम रस्सा वाढला आणि माझ्यासमोर येऊन बसली. पोरगं गेल्यापासून पहिल्यांदाच. घोट घेतला, गिळला, आणि तूही थांबली असशील तशी थांबली. मग सांगायला लागली. गॅस्पार आगीवरून घरी यायचा तेव्हा त्याला असाच वास यायचा. ती त्याला उंबऱ्याबाहेरच अडवायची, कोट काढायला लावायची, आंघोळीशिवाय आत घ्यायची नाही. तो कोटसुद्धा परत आला नाही, म्हणाली, आणि मग खूप रडली. मीही रडलो. जेवण निवून गेलं.

आता ही विकायची नाही आणि ओतायचीही नाही, असं तिने ठरवून टाकलंय. घरातच राहील, आम्हा दोघांना मरेपर्यंत पुरेल. मी तिला म्हटलं, ताईने लिहिलंय, राख दिवसेंदिवस वाढत जाणार.

तर म्हणाली, वाढू दे.

आम्हा दोघांवर लोभ ठेव.

तुझा,
एलादियो